बाळाला खुणा शिकवल्या तर ते उशिरा बोलतं का?

तुमची मुलगी 8 महिन्यांची आहे, तिला दूध, पाणी, पुरे अशा हाताच्या खुणा शिकवाव्यात असं तुम्हाला वाटतं, आणि सासूबाई म्हणतात, "हातवाऱ्यांची सवय लागली तर पोर तोंड कशाला उघडेल?"

आधी कबुली देते, मी तुमच्या सासूबाईंच्याच पक्षातली होते. ठाण्यात पाचपाखाडीला राहते, बँकेतून निवृत्त झालेय. मुलगा-सून दोघंही नोकरीला, त्यामुळे नातू दिवसभर माझ्याकडे. तो 7 महिन्यांचा असताना सुनेने मोबाइलवर बघून हे सुरू केलं. तिच्यासमोर मी काही बोलले नाही, बहिणीला फोन करून बोलले.

मग एक दिवस मीच त्याला बाप्पापुढे बसवून "जय कर, जय कर" करत होते आणि माझं मलाच हसू आलं. टाटा कर, जय कर, काऊ भुर्र, हे आपण शिकवतोच की. त्यापायी कोणी मुकं राहिल्याचं ऐकलंय का? फरक एवढाच, की आपल्या खुणा आल्या-गेल्याला दाखवायच्या असतात. जय करून बाळाला शाबासकी मिळते. सुनेच्या खुणेने त्याला दूध मिळत होतं. त्यामुळे शिकवायचंच तर त्याला स्वतःला जे हवं असतं त्याची खूण शिकवा. रंग, आकार, प्राणी वगैरे राहू द्या.

आम्ही तीनच घेतल्या. दूध म्हणजे मूठ उघडायची-मिटायची, गाय पिळल्यासारखी. अजून म्हणजे दोन्ही हातांची बोटं जुळवून टोकांवर टोकं टेकवायची. पुरे म्हणजे दोन्ही पंजे झटकायचे. खूण करताना शब्द मोठ्याने म्हणायचाच, आणि ती वस्तू समोर असतानाच म्हणायचा. मुकाट्याने नुसते हात हलवले तर सासूबाईंचं म्हणणं खरं ठरायचं. दीडेक महिना तो ढिम्म होता. मी मनातून खूष. मग एका दुपारी नाचणीची पेज संपली आणि त्याने डाव्या तळव्यावर उजवं बोट टोचलं. बोटं काही त्याला जुळवता येईनात, पण तेच "अजून" होतं. बाळं आपापल्या परीने खूण मोडून घेतात, ती ओळखायची जबाबदारी आपली.

सगळ्यात कामाला आली ती मात्र आम्ही न शिकवलेली खूण. 13 महिन्यांचा असेल, रात्री दोनला रडून घर डोक्यावर घेतलं. दूध दिलं, ढकललं. पोटाला हिंग लावला. लंगोट बदलला. सून त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती आणि हा हुंदके देत एक बोट वर करून हवेत गोल गोल फिरवत होता. शेवटी मुलाने वर बघितलं. पंखा एकवर होता. पाचवर केला आणि पाच मिनिटांत स्वारी झोपली. पंखा एकवर कोणी केला होता ते विचारू नका, मला गार वाजतं.

हे जमतं कारण जीभ, ओठ, श्वास यांचा मेळ बसून शब्द फुटायच्या आधी बाळाच्या हातावर त्याचा ताबा येतो. शास्त्राचं म्हणाल तर कॅलिफोर्नियातल्या लिंडा अ‍ॅक्रेडोलो आणि सुझन गुडविन यांनी 1980 च्या दशकात यावर काम सुरू केलं, तेही घरातलं बघून. अ‍ॅक्रेडोलोबाईंची लेक फूल दिसलं की हुंगल्याचा आवाज करून दाखवायची. त्यांच्या 2000 सालच्या अभ्यासात खुणा शिकलेली मुलं बोलण्यात मागे पडली नाहीत, थोडी पुढेच दिसली. पण इंग्लंडच्या हर्टफर्डशर विद्यापीठाने 40 बाळांना 8 व्या महिन्यापासून 20 व्या महिन्यापर्यंत पाहिलं, तो अभ्यास 2013 साली आला, आणि त्यात खुणा केलेल्या-न केलेल्या मुलांच्या बोलण्यात फरक नव्हता. फरक दिसला तो आयांमध्ये. खुणा वापरणाऱ्या आया बाळाच्या न बोललेल्या गोष्टी जास्त ओळखू लागल्या होत्या. मला हे पटतं. तेव्हा "बाळ हुशार होईल" म्हणून कोणी हजारो रुपयांचा कोर्स किंवा कार्डांचा संच विकायला आलं तर सरळ दार लावून घ्या.

एक मात्र खुणांच्या आड झाकू नका. तुमची मुलगी वर्षाची होईपर्यंत बा-बा, दा-दा असं बडबडली नाही, हाक मारली तर वळली नाही, हवं ते बोटाने दाखवलं नाही, तर "आपल्याकडे मुलं उशिरा बोलतात" म्हणत न थांबता कान तपासून घ्या. बेरा नावाची तपासणी बाळ झोपलेलं असतानाही होते. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. आणि कर्णबधिरांची सांकेतिक भाषा ही स्वतःचं व्याकरण असलेली पुरी भाषा आहे, आपण करतो त्या चार सुट्या खुणा. दोन्हींची गल्लत नको.

बोलण्याचं काय झालं ते सांगते. 15 व्या महिन्यात "अजून"चं "अजू" आलं. दोनेक आठवडे हात आणि तोंड दोन्ही चालायचं, मग हात आपोआप खाली गेला. आता अडीच वर्षांचा आहे आणि तलावपाळीला नेलं की होडी का डुलते, बदक का ओलं होत नाही, माझं डोकं खातो. खूण एकच उरलीय. तोंडात घास असला की अजूनही बोटं जुळवून दाखवतो, कारण भरल्या तोंडाने बोलायचं नाही हे आजीने सांगितलंय.