डिवचलं की हात का उठतो?

सिग्नलला कुणी खुन्नस दिली की डोकं सटकतं. मित्र मात्र हसून सोडून देतो. माझ्यातच काही खोट आहे का?

खोट नाही, मनातला हिशेब वेगळा आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातला प्रयोग बघा. अरुंद बोळातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला एक माणूस मुद्दाम खांदा मारतो आणि पुटपुटत शिवी हासडतो. तो अर्थातच संशोधकांचाच माणूस. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या बऱ्याच मुलांना याची गंमत वाटली. दक्षिणेत वाढलेल्या, म्हणजे 'इज्जतीला धक्का लागला तर उत्तर द्यायचंच' अशा वातावरणातल्या मुलांचा पारा चढला. त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) दोन्ही वाढलेले सापडले. शिवी तीच! फरक पडला तो 'बघणाऱ्याला मी दुबळा वाटलो' या भावनेचा. पुढच्या वेळी भडकाल तेव्हा आठवा, मागच्या सीटवर कोण बसलं होतं?

पुरुषांचा स्वभावच तापट असतो ना?

अर्धी सबब आहे ही. अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा असं दिसलं, की कुणी डिवचलेलं नसताना पुरुष जास्त आक्रमक असतात. डिवचल्यावर मात्र स्त्री-पुरुषांतलं अंतर बरंच कमी होतं.

राग काढायला मुलाला पंचिंग बॅग आणून देऊ का?

नको. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये हेच तपासलं. चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी चिडवणाऱ्या माणसाचा चेहरा आठवत बॅग बडवली, त्यांचा राग सर्वांत जास्त राहिला. दोन मिनिटं नुसते बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत निघाले. २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा आढावा आला, त्याचंही म्हणणं तेच: धाप लागेल असं काही करून राग जात नाही, दीर्घ श्वसन, ध्यान, शवासन यांनी उतरतो. पळायला जरूर पाठवा, पण तब्येतीसाठी.

'त्यानेच आधी डिवचलं' हे कोर्टात चालतं का?

मी वकील नाही, पण नानावटी खटला मानसशास्त्राच्या वर्गातही शिकवावा असा आहे. १९५९, मुंबई. पत्नीने दुसऱ्याशी संबंध असल्याची कबुली दिली. नौदल अधिकारी नानावटींनी तिला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्वर घेतलं, मग तिचा प्रियकर प्रेम आहुजा याचं घर गाठून त्याला गोळ्या घालून ठार केलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये 'गंभीर आणि अचानक प्रक्षोभ' हा बचाव फेटाळला: मध्ये सुमारे तीन तास गेले होते, तेवढ्यात भानावर येता आलं असतं. अचानक भडकून झालेली हत्या खून न मानण्याचा हा अपवाद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये आहे. रात्रभर धुमसून सकाळी जाब विचारायला निघणाऱ्याला त्याचा आधार मिळणं कठीणच.