सरासरी विक्री बघून माल मागवतो, तरी स्टॉक संपतो. आकडेवारीचा उपयोग कसा करावा?

कारण सरासरीइतकाच माल ठेवला, तर साधारण निम्म्या वेळा तो कमी पडणारच. सरासरीसोबत चढउतारही मोजायला हवा, म्हणजे प्रमाण विचलन. एक्सेलमध्ये रोजच्या विक्रीचा रकाना घेऊन 'एसटीडीईव्ही.एस' (STDEV.S) हे सूत्र लावलं की ते मिळतं.

समजा रोज सरासरी 40 नग जातात, विचलन 12 आहे आणि माल यायला 9 दिवस लागतात. 9 दिवसांची विक्री 360. विचलन मात्र 9 पट होत नाही, 9 च्या वर्गमुळाने वाढतं: 12 × 3 = 36. (इथेच बहुतेक जण चुकतात आणि उगाच ढीगभर माल भरून ठेवतात.) 95 टक्के वेळा माल पुरावा असं वाटत असेल तर 36 × 1.65 (95 टक्क्यांसाठीचा ठरलेला गुणक), म्हणजे सुमारे 60 नग जादा. शिल्लक 420 वर आली की ऑर्डर द्या. 99 टक्के हवे असतील तर 1.65 ऐवजी 2.33 धरा.

हे गणित पुरवठादार वेळ पाळतो असं धरून आहे. त्याच्या 9 दिवसांत 2 दिवसांचं विचलन असेल, तर तोच जादा साठा 60 वरून सुमारे 145 वर जातो! म्हणून विक्रीचा अंदाज घासत बसण्यापेक्षा आधी पुरवठादाराच्या तारखा तपासा.

आणि हो, माल संपलेल्या दिवसांची 'शून्य विक्री' हिशेबातून काढा. ती मागणी नव्हे. तुमचं कपाट रिकामं होतं, इतकंच.