आशाताई घरी येते ती बाळ तपासायला की आपल्याला? तुमचे प्रश्न

मागच्या वेळी बाळंतपणानंतर घरी भेट द्यायला येणाऱ्या ताईंबद्दल लिहिलं, तर मेसेजचा ढीगच पडला. त्यातले चार घेते, बाकीचे पुढच्या वेळी.

मी हडपसरची. मुलगी बाळंतपणाला आलीय, बाळ ८ दिवसांचं. आशाताई दोनदा येऊन गेली, अजून येणार म्हणते. वजन जन्मापेक्षा थोडं कमी भरलं तर घरात सगळ्यांना टेन्शन. आमच्यावर डाऊट आहे का तिला?

काकू, डाऊट कसला हो! दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा ६ भेटी तिला द्यायच्याच असतात, घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून ७. देशभर ही योजना २०११ मध्ये आली, पण मूळ आपल्या गडचिरोलीतलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी पाठवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू तिथे ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं ते. म्हणून तर ती एवढ्या फेऱ्या मारते.

वजनाचं म्हणाल तर पहिल्या काही दिवसांत १० टक्क्यांपर्यंत उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत परत जन्माएवढं होतं. त्यापेक्षा जास्त उतरलं किंवा दोन आठवड्यांनंतरही भरून आलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. ताई शांत बाळाचे श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजते, तेव्हा घरातल्यांनी जरा गप्प बसायचं, गप्पांत आकडा चुकतो. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, तरी तेवढेच आले, किंवा अंग गार पडलं, ताप आला, दूध ओढेनासं झालं, तर तिची पुढची भेट येईपर्यंत थांबायचं नाही, सरळ दवाखाना. आणि मध, गुटी, नाळेवर तेल-हळद यातलं काहीही नको. आजी रागावतील, रागावू देत.

आम्ही वाकडला सोसायटीत राहतो. आमच्याकडे कोणीच येत नाही. हे फक्त गरिबांसाठी असतं का?

आपल्याकडे शहरात आशाताई मुख्यतः वस्त्यांमध्ये काम करतात, कारण गरज तिथे जास्त. पण इंग्लंडमध्ये हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरी येणारी प्रशिक्षित नर्स, श्रीमंत-गरीब न बघता सगळ्यांकडे जाते. मला विचाराल तर तुमच्याकडेही कुणीतरी यायला हवंय. दहाव्या मजल्यावर नवरा ऑफिसला गेल्यावर दिवसभर एकटी रडणारी आई मी पाहिलीय, तिला वजनकाट्याची नाही, माणसाची गरज होती. असं दोन आठवड्यांच्या पुढे चाललं तर डॉक्टरांना सांगा, 'होतं सगळ्यांनाच' म्हणून सोडू नका.

मी येरवड्यात घरभेटीला जाते. खोलीत खेळणी नाहीत, आई धुणीभांडी करून दमलेली. आठवड्यातून एक तास जाऊन काय फरक पडणार?

ताई, हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, आणि उत्तर जमैकाहून द्यावं लागतंय. किंग्स्टनमध्ये १९८६-८७ साली वाढ खुंटलेल्या १२९ मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या काहींच्या घरी दर आठवड्याला कार्यकर्ती जायची, तासभर, दोन वर्षं, घरीच बनवलेली खेळणी घेऊन. वीस वर्षांनी बघितलं तर भेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्के जास्त! पण तो तास ती बाळाशी नाही, आईशी खेळायची, म्हणजे आईला खेळायला लावायची, गंमत तिथेच आहे. आपल्या बहुतेक भेटी इथेच फसतात, आपण बाळाला मांडीवर घेऊन मस्त खेळवतो, आई कौतुकाने बघत बसते आणि आपण गेल्यावर बाळ परत झोळीत.

मी एकदा तुमच्यासारख्याच एका ताईबरोबर गेले होते. तिने पावडरच्या रिकाम्या डब्यात चार हरभरे टाकले, झाकण घट्ट चिकटवलं, आणि डबा बाळाला न देता आईच्या हातात दिला. आई लाजली, मग एकदाच वाजवला, बाळाने मान वळवली. "अगं, तुझ्या आवाजाकडे बघतोय बघ," एवढंच ताई म्हणाली. पुढच्या आठवड्यात गेलो तर आईने स्वतःच बाटलीची झाकणं दोऱ्यात ओवून ठेवली होती (गाठ पक्की आहे ना ते आधी बघितलं, झाकण सुटलं तर सरळ तोंडात).

सून कामावर जाते, ताई आली की घरी मीच असते. मला सांगून काय उपयोग?

आजी, दिवसभर बाळ तुमच्याकडे, मग तुम्हालाच तर सांगायचंय! ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात आशाताईची भेट असते, तेव्हा बाळाचं लसीकरणाचं कार्ड समोर ठेवा आणि बाळ काय खातं ते खरं खरं सांगा, चहात बुडवलेलं बिस्कीटसुद्धा. सुनेला पण भेटायचं असेल तर तिची सुट्टी कधी असते ते ताईला सांगून ठेवा, बऱ्याच जणी वेळ जमवून घेतात.