मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सीडी१३३ तपासून पुढचं कळतं का?

खानापूरहून तुम्ही विचारलंय: बाबांचं ऑपरेशन बेळगावात झालं, आता सीडी१३३ (काही कॅन्सर पेशींच्या पृष्ठभागावर असणारं एक प्रथिन) तपासायला गाठीचा ब्लॉक (मेणात जतन केलेला तुकडा) मुंबईला पाठवावा का? माझ्या मते नको. २००७ मध्ये दोन संशोधक गटांनी दाखवलं, की गाठीतल्या सीडी१३३ असलेल्या पेशी उंदरात नवी गाठ उभी करतात. पुढे हा मार्कर (पेशींची ओळखखूण) जास्त असलेल्या रुग्णांचं आयुर्मान सरासरीने कमी दिसलं. सीडी४४, एलजीआर५ या अशाच दुसऱ्या मार्करबाबत निष्कर्ष उलटसुलट आहेत. पण एकेका रुग्णाचे उपचार यावरून ठरत नाहीत. त्यापेक्षा ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट काढा. किमान १२ लसीकाग्रंथी तपासल्यात का, कितींत कॅन्सर सापडला? एमएमआर तपासणी (गाठीच्या पेशींतली डीएनए दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे का, हे पाहणारी) राहिली असेल तर ती डॉक्टरांकडे आग्रहाने मागा. दुसऱ्या स्टेजला केमो द्यायची की नाही, हे ठरवताना ती खरंच उपयोगी पडते.