आधी ऐका, पुस्तिका नंतर उघडा

तुमचा प्रश्न असा आहे: "संगीतातलं मला काही कळत नाही, हौसेपुरतं ऐकतो. जगभरातले अल्बम ऐकायचे आहेत, पण त्या भाषा येत नाहीत. आधी माहिती वाचून मग ऐकावं का? आणि सुरुवात कुठून करावी?"

आधी वाचू नका. हे इतक्या ठामपणे सांगते, कारण याच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं गेली वीस वर्षं वाजतंय.

दादाकडे भिंतभर अल्बम आहेत आणि प्रत्येकाची हकिकत त्याला पाठ आहे. ती सांगितल्याशिवाय तो काही लावतच नाही. अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटचा 'द कोलन कॉन्सर्ट' मी त्याच्याकडेच पहिल्यांदा ऐकला. ऐकला म्हणजे, आधी अर्धा तास त्याच्याबद्दल ऐकलं. 24 जानेवारी 1975, जर्मनीतल्या कोलनचं ऑपेरा हाऊस, कार्यक्रम रात्री उशिराचा. मागवलेला मोठा पियानो आलाच नाही, रंगमंचावर मिळाला तो लहान आणि नादुरुस्त. वरचे सूर पत्र्यासारखे, खालचे पोकळ, पेडलं धड चालेनात. जॅरेट पाठदुखीनं बेजार, झोप झालेली नाही. म्हणून तो मधल्या सप्तकांतच राहिला, डाव्या हातानं त्याच त्या आकृत्या घोळवत राहिला, आणि त्यातून एकल पियानोचा सर्वात जास्त खपलेला अल्बम झाला. एवढं सगळं सांगून मग त्यानं तो लावला.

मला काय ऐकू आलं? नादुरुस्त पियानो. पहिला भाग सव्वीस मिनिटांचा आहे, ती सव्वीस मिनिटं मी पत्र्यासारखा सूर कुठे लागतो ते शोधत बसले. संपल्यावर म्हटलं, "लांबलंय रे." दादा म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं?" त्या दिवसानंतर बराच काळ त्याच्यासमोर मी कुठल्याही गाण्याबद्दल तोंड उघडलं नाही. आणि तो अल्बम मला कोरा म्हणून परत कधीच मिळाला नाही. पहिलं ऐकणं एकदाच असतं, ते त्याच्या हकिकतीत गेलं.

मग काही वर्षांनी माझ्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला आणि दहा दिवस पालथं पडून राहायला सांगितलं. वाचायचं नाही, मोबाइल नाही, टीव्ही नाही. सोबतीला भाची आली, दादाचीच मुलगी. ती बापाच्या कपाटातून रोज दोन-तीन अल्बम घेऊन यायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आत्या, मी नाव सांगणार नाही. पूर्ण ऐक, काय वाटलं ते सांग, मी लिहून घेते. मग अल्बमसोबतची माहिती-पुस्तिका वाचून दाखवते." तिनं खरंच वही केली. ती वही माझ्याकडे आहे.

दुसऱ्या की तिसऱ्या दुपारी तिनं एक लावलं आणि मला वाटलं स्पीकर बंद पडलाय. मग फार खोलातून डबल बेसचा आवाज यायला लागला, इतका हळू की तो कानाआधी गादीतून छातीला लागला. त्यावर दुसरी ओळ चढली, त्यावर तिसरी. बराच वेळ नुसती तंतुवाद्यंच. माणसाचा आवाज येईल अशी आशा मी सोडली होती, तेव्हा बाई गायला लागली. दुसऱ्या भागात तीच बाई, पण आता तरुण वाटली. वहीत माझं वाक्य आहे: "ही कुणाची तरी समजूत काढतेय, पण जिची काढतेय ती समोर नाहीये."

मग भाचीनं वाचून दाखवलं. हेन्रिक गुरेत्स्की या पोलिश संगीतकाराची तिसरी सिंफनी, 1976 सालची रचना. हा अल्बम 1992 चा, गायिका डॉन अपशॉ, लंडन सिंफोनिएटा, संचालक डेव्हिड झिनमन. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. दुसऱ्या भागातले शब्द पोलंडमधल्या झाकोपाने इथल्या गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, कोठडीच्या भिंतीवरचे, 18 वर्षांच्या कैदी मुलीनं लिहिलेले. आईला सांगतेय, रडू नकोस.

मला पोलिशचा एक शब्द येत नाही. भाची वाचता वाचता थांबली. मीही काही बोलले नाही. संध्याकाळी तो पुन्हा लावायला सांगितला, आणि तेव्हा ते शब्द माहीत असल्यानं तो आणखी मोठा झाला, लहान नाही झाला. मला दादाला हेच सांगायचं असतं. माहिती वाईट नाही, तिचा क्रम चुकतो. आधी कळली की ती कानात पहारा देत उभी राहते. नंतर कळली की ऐकलेल्यात मुरते.

दादाचं उत्तर एका शब्दाचं: योगायोग. संथ आणि दुःखी काहीही लावलं तरी तू हेच म्हणाली असतीस. मी हे मान्य करत नाही. त्याच आठवड्यात एस्टोनियन संगीतकार अरवो पॅर्टचा 'ताबुला रासा' ऐकला, तोही संथ, तोही उदास, आणि त्याबद्दल मी "रिकाम्या खोलीत कुणीतरी फेऱ्या मारतंय" असं सांगितलं होतं. समजूत-बिमजूत काही नाही.

पण दादानं वही मागून घेतली आणि माझ्या चुकांवर पेन्सिलनं खुणा केल्या. चुका आहेत. बल्गेरियन बायकांच्या गाण्याचा 'ल मिस्तेर दे व्वा ब्युल्गार' ऐकून मी "हजार वर्षांपूर्वीचं, डोंगरातलं" म्हटलं होतं. सूर एकमेकींना इतके चिकटून लावतात की आधी बेसूर वाटतं आणि मग अंगावर काटा येतो. चाली जुन्या लोकगीतांच्या असल्या, तरी त्यांची बांधणी विसाव्या शतकातल्या शिकलेल्या संगीतकारांनी केलेली आहे. केप व्हर्देची गायिका सेझारिया एव्होरा हिच्या 'मिस परफुमादो' मधलं 'सोदादे' मला नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईचं वाटलं. ते केप व्हर्दे बेटांवरून साओ टोमे बेटावरच्या मळ्यांवर मजुरीला जाणाऱ्या माणसांबद्दलचं आहे. हे मी पूर्ण चुकलं असं म्हणणार नाही, कुणीतरी लांब गेलंय एवढं तर कळलंच होतं.

नायजेरियाचा गायक फेला कुटी याच्या बाबतीत मात्र मी चुकले. 'झोम्बी' मला आनंदाचं, नाचाचं वाटलं. शीर्षकगीत बारा मिनिटांचं, त्यात गाणं सुरू व्हायलाच कितीतरी मिनिटं, तोवर नुसता ताल आणि ब्रास. पालथी पडल्या पडल्या मी पायानं ठेका धरला होता. ते हुकमाशिवाय न हलणाऱ्या सैनिकांवरचं गाणं आहे. 1977 मध्ये शेकडो सैनिकांनी लागोसमधलं फेलाचं घर जाळलं, त्याच्या म्हाताऱ्या आईला खिडकीतून फेकलं आणि पुढच्या वर्षी ती वारली. पुस्तिका वाचून झाल्यावर मला माझ्या त्या पायाची लाज वाटली. दादा म्हणतो, बघ. इथं त्याचं बरोबर आहे. जिथं शब्दच हत्यार आहे तिथं पहिल्या ऐकण्यावर थांबू नये, त्याच दिवशी अर्थ शोधावा. तरीही मी म्हणेन, आधी ठेका धरला म्हणूनच तो अर्थ इतका लागला.

शब्दांबद्दल आणखी एक. नुसरत फतेह अली खान आणि कॅनडाचा गिटारवादक मायकेल ब्रुक यांचा 1990 चा 'मस्त मस्त' जगभर वाखाणला जातो. मला आवडत नाही. कव्वालीत ओळ पुन्हा पुन्हा येते, चढत जाते, त्या वाट बघण्यातच सगळं आहे. ते पाच-पाच मिनिटांत कापून टाकल्यावर उरतो तो फक्त आवाज. आवाज अर्थात अफाट आहे.

सुरुवात कुठून? 'बुएना विस्ता सोशल क्लब' नं करू नका. उत्तम अल्बम आहे, रुबेन गोन्झालेसचा पियानो तर काळजाला हात घालतो, पण विस्मृतीत गेलेल्या वृद्ध क्यूबन कलावंतांची गोष्ट तुमच्यापर्यंत आधीच पोचलेली असणार, आणि मग तुम्ही गाणं न ऐकता त्यांचं वय ऐकाल. अली फार्का तुरे आणि तुमानी जाबाते यांचा 2005 चा 'इन द हार्ट ऑफ द मून' घ्या. मालीमधले दोघं, एकाच्या हाती गिटार, दुसऱ्याच्या हाती 'कोरा' नावाचं एकवीस तारांचं वाद्य, आणि शब्द इतके कमी की भाषेचा प्रश्नच फारसा येत नाही. मग 'मिस परफुमादो'. गुरेत्स्की मी आत्ताच सांगून तुमच्यासाठी बिघडवला, त्याबद्दल मनापासून माफी. त्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या भागातल्या शब्दांचा अर्थ मी मुद्दाम सांगितलेला नाही, तेवढं तरी न वाचता ऐका.

पूर्ण अल्बम, आहे त्या क्रमानं, एका बैठकीत. संपल्यावर दोन ओळी लिहा आणि मगच पुस्तिका उघडा. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: दहा दिवस पालथं पडल्यावर कोणालाही नीट ऐकू येईल. कामं करताना मागे लावून ठेवलेल्या अल्बमबद्दल यातलं काही खरं ठरेल असं मी म्हणत नाही.

कोलनचा अल्बमही भाचीनं त्या दहा दिवसांत लावला होता. पहिल्या काही सुरांतच ओळखला, आणि पुन्हा तोच नादुरुस्त पियानो ऐकू यायला लागला. शेवटचा सात मिनिटांचा तुकडा मात्र मी नव्यानं ऐकल्यासारखा ऐकला आणि आता तो वरचेवर लावते. त्याबद्दल दादानं मला कधी काही सांगितलं नव्हतं.