लेक ‘परत’ करता येत नाही

प्रश्न : माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. 2019 मध्ये आम्ही कोर्टाच्या आदेशाने एका संस्थेतून चौदा महिन्यांची मुलगी दत्तक घेतली. गेल्या गणपतीपासून नवरा वेगळा राहतो. संमतीने घटस्फोट द्यायला तो तयार आहे, पण म्हणतो, “मुलीचा खर्च मागणार नाही असं लिहून दे. हौस तुझी होती. नाहीतर देऊ तिला संस्थेत परत.” असं करता येतं का? मीही कमावते. मुलगी दुसरीत आहे, दत्तकाबद्दल तिला अजून सांगितलेलं नाही.
– एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, आधी घोटभर पाणी प्या. तुमच्या पत्रात ‘परत’ हा शब्द आलाय आणि तो नवऱ्याचा आहे. साडी परत करतात, लेक नाही.

संस्थेतून घेतलेलं मूल बाल न्याय कायद्याच्या कलम 63 प्रमाणे आदेशाच्या दिवसापासून सर्वार्थाने तुम्हा दोघांचं झालं. पुढे नवरा-बायकोचं फाटलं म्हणून त्यातला ‘बाप’ गळून पडत नाही. घरातली पेटी उघडा आणि महानगरपालिकेचा जन्मदाखला काढा. वडिलांच्या नावापुढे कोण आहे? घटस्फोटानंतरही तेच नाव राहणार.

आता खर्चाचं. तुम्ही हिंदू आहात असं धरते. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात, कलम 20 खाली, मुलाला पोसणं ही आई आणि बाप दोघांचीही जबाबदारी आहे. तुम्ही कमावता, तेव्हा सगळा भार नवऱ्यावर पडेल असं समजू नका. दोघांनाही पगार-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. पण पोटगीचा हक्क लेकीचा आहे. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे संमतीच्या घटस्फोटाच्या लेखी अटींमध्ये, तुम्ही सही करून स्वतःचा हक्क सोडू शकता, तिचा नाही. घाईत अशा सह्या केलेल्या आया दोन वर्षांनी शाळेची फी घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून इतकं ठासून सांगतेय.

वारसाहक्कातही ती पोटच्या मुलीइतकीच. मृत्युपत्र नसेल तर ती पहिल्या वर्गाची, म्हणजे सगळ्यात आधी हक्क असणारी वारस. मात्र स्वतःच्या कमाईचं घर नवरा मृत्युपत्राने दुसऱ्या कोणाला देऊ शकतो, हेही ऐकून ठेवा.

ताबा कोणाकडे, हे वांद्र्याचं कुटुंब न्यायालय मुलीचं हित बघून ठरवेल. दत्तकाला हो कोणी आधी म्हटलं, यावर नाही. आणि ते भेटायला मागतील तर रागाने दार लावू नका. बाबा भेटणं ही तिचीही गरज आहे.

खरी काळजी मला वेगळीच वाटते. दत्तकाबद्दल तिला अजून सांगितलेलं नाही, असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. घटस्फोटाच्या अर्जात दत्तक आदेशाची तारीख येणार, ती लपवायची नाही. कोर्टातल्या समुपदेशकाच्या खोलीबाहेरच्या बाकावर मुलं कंटाळून बसलेली असतात आणि मोठी माणसं त्यांच्या डोक्यावरून बोलत असतात. दुसरीतल्या पोरीला सगळं कळतं. तिथे ऐकण्याआधी तिला घरी, तुमच्या कुशीत कळू दे. जमल्यास नवऱ्यालाही सोबत बसवा.

माझ्याकडे येताना दत्तक आदेशाची प्रमाणित प्रत, जन्मदाखला आणि शाळेच्या फीच्या पावत्या आणा. आदेशाची मूळ प्रत मात्र कुणाच्याही हाती देऊ नका, माझ्याही नाही.