परीकथांचा उगम आणि अर्थ अभ्यासायचा आहे, सुरुवात कुठून करू?

कुठूनही करा, फक्त अर्थापासून नको. त्या घाईपायी मला वीसपैकी सात गुण पडले होते, आणि घाई माझी नव्हती, सरांची होती.

नागपुरात एम.ए.ला होते. निबंध लाल टोपीवाल्या मुलीवर, म्हणजे 'लिटल रेड रायडिंग हूड'वर, आणि सर मनोविश्लेषक एरिक फ्रॉमचे भक्त. फ्रॉमनं १९५१ साली लिहून ठेवलंय की लाल टोपी म्हणजे मुलीची पाळी, आणि "बाटली फोडू नकोस" ही आईची ताकीद म्हणजे कौमार्य जप. मी भर वर्गात विचारलं, सर, बाटली कुठली? १६९७ साली फ्रेंच लेखक पेरोनं छापलेल्या गोष्टीत पोरगी आजीला नेते ती पोळी आणि लोण्याचं मडकं. लांडगा तिला खातो, गोष्ट संपली. बाटली आणि पोट फाडणारा शिकारी आले ते जर्मन कथासंग्राहक ग्रिमबंधूंकडे, १८१२ साली. फ्रान्समधल्या खेडुतांच्या तोंडून उतरवलेल्या कित्येक गोष्टींत तर टोपीच नाही! एकीत पोरगी बाहेर जाऊन येते म्हणते, लांडगा तिच्या पायाला दोरा बांधून सोडतो, आणि ती तोच दोरा अंगणातल्या झाडाला बांधून पसार. वर्ग हसला. सर म्हणाले, तुम्हाला प्रतीकं कळत नाहीत.

घरी येऊन रडले. आजी वर्ध्याकडची, भाजी निवडत बसली होती. म्हणाली, आपली भोपळ्यातली म्हातारी काय वेगळी हाय? तीही लेकीकडून जाडजूड होऊन येते म्हणून वाघाला फसवतेच. "वाघानं तिले खाल्लं असतं त गोष्ट कोनं सांगतली असती?"

टोपीबद्दलचा नेमका हाच आक्षेप इतिहासकार रॉबर्ट डार्न्टननं १९८४ सालीच छापला होता, हे मला फार उशिरा कळलं.

तर तुम्ही आधी एकच गोष्ट घ्या, तिची चार-पाच रूपं शेजारी मांडा. अभ्यासकांनी लोककथांच्या प्रकारांना क्रमांक देऊन सूची केलीय, तीत लाल टोपीवालीचा क्रमांक ३३३. कोणी, कधी, काय घातलं ते बघा. ग्रिमना 'लोकांनी' सांगितलं यावरही लगेच भुलू नका. सांगणाऱ्यांत हासेनफ्लुग घराण्यातल्या शिकलेल्या मुली होत्या, पूर्वज फ्रेंच, म्हणजे गोष्ट जर्मन खेडुतांचीच असेल असं नाही. दुर्गाबाई भागवतही वाचाच.

फ्रॉम वाचूच नका असं नाही हं. ग्रिमचा वाचक म्हणून तो ठीक आहे, खेडुतांचा साक्षीदार म्हणून नाही. सर हे वाचत असतील तर निबंध अजून माझ्याकडे आहे. पुन्हा तपासायचा असेल तर आणून देते.